बाबांना घेऊन मॅच बघायला निवांत पब: पुण्यात कुठं, कधी आणि काय बघून ठरवायचं

प्रश्न थोडक्यात असा होता: कोथरूडला राहतो, बाबा नुकतेच रिटायर झालेत, दोघांनाही फुटबॉल आणि क्रिकेट आवडतं, घरी रोजच बघतो पण एकदा बाहेर बसून चांगली क्राफ्ट बिअर (छोट्या प्रमाणावर बनवलेली) घेत मॅच बघायचीय, मात्र जिथं गेलो तिथं डीजेचा आवाज, धक्काबुक्की आणि बाबांना कॉमेंट्रीचा एक शब्द ऐकू येत नाही, तर पुण्यात निवांत असा पब आहे का?

आहे, एक नाही बरेच आहेत. मी या लाइनमध्ये बारा वर्षं काढलीत, सुरुवात बारमागं ग्लास पुसण्यापासून झाली, मग टॅप (बिअरचे नळ) आणि केग (बिअरची पिंपं) सांभाळले, नंतर एका ब्रूपबचा, म्हणजे बिअर जागेवरच बनवणाऱ्या पबचा, फ्लोअर बघितला आणि आता नव्या पोरांना बार ट्रेनिंग देतो. त्यामुळे मॅचच्या दिवशी पबच्या आत नेमकं काय चालतं ते रोज बघितलेलं आहे आणि त्यावरून पहिली गोष्ट सांगतो, की पबचं नाव नंतर ठरवा, आधी मॅच आणि तिची वेळ ठरवा. एकच पब असतो पण भारत-पाकिस्तानच्या दिवशी तिथं उभं राहायला जागा नसते आणि त्याच आठवड्यात शनिवारी संध्याकाळी सहाला तिथंच दहा टेबलं रिकामी असतात, स्टाफ आरामात असतो, तुम्ही आवाज वाढव म्हणालात तर वाढवतो. लोक रिव्ह्यू वाचून जागा शोधतात, पण तो रिव्ह्यू कुठल्या दिवशीचा आहे ते कुणी लिहीत नाही.

तुमच्यासाठी सगळ्यात बेस्ट म्हणजे प्रीमियर लीगचा शनिवार. इंग्लंडमधली दुपारी साडेबाराची मॅच आपल्याकडे उन्हाळ्याच्या टायमात संध्याकाळी पाचला आणि हिवाळ्यात सहाला लागते, आणि तिकडच्या तीनच्या मॅचेस आपल्याकडे साडेसात किंवा साडेआठला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागं जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढं, म्हणून हा एक तासाचा फरक, तो लक्षात ठेवा नाहीतर बाबांना घेऊन एक तास आधी जाऊन बसाल. आणि गंमत अशी की शनिवारी तीनच्या त्या मॅचेस खुद्द इंग्लंडमध्ये टीव्हीवर लाइव्ह दाखवत नाहीत, पावणेतीन ते सव्वापाच तिथं बंदीच आहे, लोकांनी छोट्या क्लबांच्या स्टेडियममध्ये जावं म्हणून. म्हणजे लंडनमधल्या पबात बसलेला माणूस जी मॅच कायदेशीरपणे बघू शकत नाही ती तुम्ही कल्याणीनगरमध्ये बसून बघू शकता.

संध्याकाळी पाच ते साडेनऊ या वेळात पार्टीवाली गर्दी आलेलीच नसते. पुण्यात शनिवारची गर्दी साडेनऊ-दहानंतर सुरू होते, म्युझिक तेव्हा वाढतं, लाइट तेव्हा कमी होतात. त्यामुळे इंग्लंडमधल्या साडेपाचच्या मॅचला, म्हणजे आपल्याकडच्या दहा किंवा अकराच्या, बाबांना अजिबात नेऊ नका, मॅच कितीही मोठी असली तरी. रविवारी मात्र नऊ-दहाची मॅचही चालते कारण दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं आणि पब तसा शांत असतो.

क्रिकेटचं म्हणाल तर इंग्लंडमधली टेस्ट मॅच ही पबात बघायची सगळ्यात सुंदर गोष्ट आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. दुपारी साडेतीनला सुरू होते, लंचनंतरची वेळ, पब रिकामा, ऊन उतरत जातं, एक ग्लास तासभर पुरतो आणि दोन ओव्हरच्या मध्ये माणसं एकमेकांशी बोलतात. टी-ट्वेंटीमध्ये बोलायला सवडच नसते. आयपीएलची साडेसातची मॅच टाळा, विशेषतः मुंबई किंवा चेन्नई खेळत असेल तर, पण डबल हेडरच्या (एका दिवसात दोन मॅचेस) दिवशीची साडेतीनची मॅच बऱ्यापैकी शांत असते. फक्त एप्रिल-मे मधे ओपन एअर टेबल घेऊ नका. फॉर्म्युला वनची युरोपातली बरीचशी रेस रविवारी साडेसहाला असते, ती बघणारे लोक तर इतके शांत असतात की वेटरलाही खुणेनं बोलावतात.

भारताची फायनल असेल तर निवांत हा शब्दच विसरा आणि त्याचा आनंद वेगळा आहे हे मान्य करा. 19 नोव्हेंबर 2023 ला, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या वनडे वर्ल्ड कप फायनलला, मी ड्युटीवर होतो, दुपारी दोनची मॅच, अकरापासून लोक येऊन बसलेले, सगळं निळंनिळं. आपण 240 केल्या आणि मग त्यांच्या हेड आणि लाबुशेनची 192 ची पार्टनरशिप झाली आणि जसजशी ती वाढत गेली तसतसा तो अख्खा हॉल गप्प होत गेला, शेवटी मला चिलरच्या मोटरचा आवाज ऐकू येत होता. आणि 29 जून 2024 ला बार्बाडोसची टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनल, शेवटच्या ओव्हरला सूर्यकुमारनं बाउंड्रीवर दक्षिण आफ्रिकेच्या मिलरचा तो कॅच घेतला तेव्हा अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. असा अनुभव पण एकदा बाबांना द्या, पण तो वेगळ्या दिवशी आणि त्याला चार दिवस आधी टेबल बुक करून.

आता आवाज. तुमची खरी तक्रार ही आहे आणि ती अगदी बरोबर आहे. बहुतेक पबांत टीव्ही म्यूट आणि वरून म्युझिक असतं, कारण टीव्हीचा आवाज साउंड सिस्टिमला जोडायला मिक्सरवर वेगळं कनेक्शन लागतं आणि ते चालू करायचं की नाही हे मॅनेजर ठरवतो, वेटर नाही. म्हणून टेबल बुक करायला फोन कराल तेव्हा फक्त "मॅच दाखवता का" असं विचारू नका, त्याचं उत्तर सगळीकडे हो असंच येतं. विचारा की "या मॅचची कॉमेंट्री स्पीकरवर असणार का, की म्युझिक असणार, आणि डीजे किती वाजता सुरू होतो". जो मॅनेजर या तीनही गोष्टींचं सरळ उत्तर देतो त्याची जागा चांगली असते, हा माझा बारा वर्षांचा अनुभव आहे. जो "या सर, सगळं होऊन जाईल" म्हणतो तिथं काहीही होत नाही.

माझ्या स्वतःच्या वडिलांना मी एकदा असंच नेलं होतं, जागेचं नाव सांगत नाही. त्यांना कानाचं मशीन आहे. फोनवर हो हो म्हणाले, गेलो तर प्रत्येक ओव्हर संपली की डीजे तीस सेकंदांचं गाणं जोरात लावायचा, आणि कानाचं मशीन लावणाऱ्या माणसाला तो आवाज डोक्यात हातोडा मारल्यासारखा लागतो. वडिलांनी मशीन काढून खिशात ठेवलं आणि मॅचभर हसऱ्या चेहऱ्यानं बसून राहिले, मला वाईट वाटू नये म्हणून. मला ते घरी आल्यावर कळलं. त्या दिवसापासून मी कुणालाही जागा सुचवताना पहिला प्रश्न आवाजाचाच विचारतो. बाबांसाठी टेबल घेताना स्पीकर डोक्यावर नको, किचनच्या दाराजवळ नको, पाठीमागं भिंत असेल तर उत्तम, म्हणजे मागचा गोंगाट येत नाही.

स्क्रीनबद्दल जास्त बोलत नाही, दोनच गोष्टी. पुण्यात बरेच पब अर्धे उघडे आहेत आणि तिथं प्रोजेक्टर असतो, आणि प्रोजेक्टर सूर्य मावळेपर्यंत कुचकामी असतो, साडेतीनच्या मॅचला बॉल दिसतच नाही. दिवसाउजेडीच्या मॅचला टीव्ही किंवा एलईडी वॉल असलेलीच जागा घ्या. दुसरं म्हणजे आजकाल बऱ्याच ठिकाणी मॅच डिशवर नाही तर इंटरनेटवरून येते आणि ती बरीच मागं असते. शेजारच्या बिल्डिंगमध्ये लोक ओरडतात आणि तुमच्या स्क्रीनवर बोलर अजून रनअप घेत असतो. खिशातला फोन सायलेंटवर टाका, स्कोअरची नोटिफिकेशन बंद करा, आणि बाबांच्या फोनवरची पण बंद करा कारण त्यांच्या ग्रुपवर कुणीतरी हमखास "आउट!!!" लिहिणार.

बिअरकडे येतो, इथं जरा थांबणार आहे कारण पुणेकरांनी याचा अभिमान बाळगायला हवा. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी (जागेवरच थोडी थोडी बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांपैकी) एक पुण्यात सुरू झाली, 2009 मध्ये, डूलाली, तिकडं कोरिंथियन्स हॉटेलमध्ये. नाव पण आपल्याच मातीतलं आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या कॅम्पात ब्रिटिश सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन्महिने पडून राहायचे, उन्हानं, तापानं आणि कंटाळ्यानं डोकं फिरायचं, त्यावरून इंग्रजीत डोकं फिरण्याला डूलाली हा शब्द पडला. पुढं 2014 च्या सुमाराला मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली, कोरेगाव पार्कात एफिनगट आलं, मग ग्रेट स्टेट एलवर्क्स, बेंगलोरचं टॉइट कल्याणीनगरात आलं, आणि मधापासून मीड नावाची दारू करणारं मूनशाइन पण पुण्याचंच. आता बाणेर-बालेवाडी पट्ट्यातही भरपूर आहेत. या सगळ्यांत कुठं कोणत्या दिवशी मॅच लावतात हे बदलत राहतं म्हणून मी फोन करूनच जा म्हणतो, पण बिअर समजून घ्यायची तर या पट्ट्यात फिरावं.

ताजी बिअर म्हणजे काय ते कळलं की अर्धं काम झालं. जिथं काचेमागं टाक्या दिसतात तिथं बिअर त्याच बिल्डिंगमधून टॅपला येते, प्रवास नाही, ऊन नाही. पण टाक्या दिसल्या म्हणून बिअर चांगली असं नाही. विचारा, "दादा, यातली सगळ्यात नवीन कोणती लागलीय आणि सगळ्यात जास्त कोणती जातेय?" जी सगळ्यात जास्त जाते ती बहुतेक ताजी असते कारण तिला टाकीत पडून राहायला वेळच मिळत नाही. पुण्यात ती जवळजवळ नेहमी हेफवाइझन (जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर) किंवा बेल्जियन विट (तीही गव्हाचीच) निघते. हेफमध्ये जो पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो तो कुणी वरून टाकलेला नसतो, ते यीस्टचं काम आहे. विटमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरंच टाकतात. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, तिच्यात हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) वास असतो आणि तो लवकर उडतो, म्हणून आयपीए जुनी असेल तर फक्त कडू उरते, ती घेऊ नका. स्टाउटला, म्हणजे काळ्या दाट बिअरला, थोडं वय चालतं.

बहुतेक ब्रूपब छोट्या ग्लासात टेस्टर देतात, लाजू नका, मागा. पिऊन बघताना नुसता बटरचा किंवा पॉपकॉर्नचा वास आला तर बिअर नीट तयार व्हायच्या आधीच टॅपला लावलीय किंवा पाइप घाण आहेत. व्हिनेगरसारखी आंबट लागली (आणि ती मुद्दाम आंबट केलेली नसेल) तर पाइपच घाण आहेत. ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली तर हवा लागून जुनी झालीय. आणि ग्लास भरून आला की त्याच्या कडेला आतून बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर ग्लास नीट धुतलेला नाही, स्वच्छ ग्लासात बुडबुडे चिकटत नाहीत आणि पिताना फेसाची गोल रिंग मागं राहते. यातलं काहीही झालं तर शांतपणे बदलून मागा. चांगल्या जागी वाद घालत नाहीत, मी स्वतः माझ्या पोरांना हेच शिकवतो की गिऱ्हाईक खोटं बोलत नाही असं धरून चाला. पाइप दर पंधरा दिवसांनी धुवायला लागतात, जिथं विचारल्यावर बारटेंडर "परवाच केलं" असं पटकन सांगतो तिथं मी निश्चिंत बसतो.

मॅचला बसायचं म्हणजे तीन-चार तास, वनडेला सात-आठ, त्यामुळे हलकी बिअर घ्या. हिशोब सोपा आहे, 500 मिलीचा पाच टक्क्यांचा ग्लास म्हणजे 25 मिली शुद्ध अल्कोहोल, तर दुकानातली 650 ची आठ टक्क्यांची स्ट्राँग बाटली म्हणजे 52 मिली, दुपटीहून जास्त. हाफटाइमपर्यंत एक ग्लास, नंतर एक, मधे पाणी, आणि पोटात काहीतरी. मॅचच्या ऑफरला पिचर किंवा टॉवर (एकदम बरीच बिअर येणारी मोठी भांडी) घ्यायला सांगतील, दोघांसाठी अजिबात घेऊ नका, शेवटचा तिसरा हिस्सा कोमट आणि पाणचट झालेला असतो आणि पैसे दिलेत म्हणून माणूस तो पितो.

पैशाचं पटकन. मोठ्या मॅचला कव्हर चार्ज (आत जायचे पैसे) किंवा मिनिमम बिल असतं, फोनवरच विचारून घ्या आणि त्यातले किती खाण्यापिण्यात वळते होतात तेही. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, महाराष्ट्रात बारमध्ये नोव्हेंबर 2023 पासून तो 10 टक्के झालाय, म्हणून मेन्यूवरचा आकडा आणि बिल यात फरक दिसतो. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, नको असेल तर काढायला सांगता येतो, पण मग ज्या पोरानं तुमच्यासाठी चारदा आवाज वाढवला त्याच्या हातात थेट काहीतरी ठेवा. ओळखपत्र बरोबर ठेवा, माइल्ड बिअरला वय 21 आणि हार्ड लिकरला 25 लागतं, मे 2024 मधल्या कल्याणीनगरच्या त्या पोर्शे अपघातानंतर (पबमधून निघालेला अल्पवयीन मुलगा गाडी चालवत असल्याचा आरोप होता) पुण्यात तपासणी कडक झाली आणि ती व्हायलाच हवी होती. ड्राय डे पण बघून ठेवा, 2 ऑक्टोबर, 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, आषाढी एकादशी, शिवाय मतदान आणि गणपतीतले दिवस कलेक्टरांच्या आदेशानं ठरतात.

गाडी नेऊ नका. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि कळकळीनं सांगतो. रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, ती दोन ग्लासांत सहज ओलांडली जाते, पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि त्याहून वाईट जे होऊ शकतं ते पुण्यानं बघितलंय. तुम्ही कोथरूडचे, तुमच्यासाठी तर रस्ताच तयार आहे, वनाझहून मेट्रो सरळ कल्याणीनगरपर्यंत जाते. साडेसातची मॅच साडेनऊला संपते, आरामात जेवून परत मेट्रो मिळते. साडेआठची असेल तर साडेदहा होतात, तिथं मात्र शेवटच्या मेट्रोची वेळ आधी बघा.

चॅम्पियन्स लीगचं काय, असं पण तुम्ही विचारलं होतं. ती आपल्याकडे बहुतेक वेळा रात्री साडेबारा किंवा दीडला सुरू होते आणि पुण्यातले पब दीडला बंद होतात, त्यामुळे तो विषयच मिटतो. त्यासाठी ग्राउलर (ताजी बिअर भरून न्यायची मोठी बाटली) आणा. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरींना ताजी बिअर पार्सल द्यायची परवानगी मिळाली आणि ती गोष्ट आमच्या धंद्यात फार चांगली झाली. संध्याकाळी भरून घ्या, उभी ठेवा, फ्रिजच्या दारात नको तर आतल्या बाजूला, आणि त्याच रात्री संपवा, झाकण उघडलं की दुसऱ्या दिवशी गॅस गेलेला असतो. मॅच घरच्या सोफ्यावर, आवाज बाबांच्या हातातल्या रिमोटवर.

तर तुमच्या जागी मी असतो तर येत्या शनिवारची पाच किंवा सहाची मॅच धरली असती, गुरुवारी दुपारी चार वाजता पबात फोन केला असता (त्या वेळी मॅनेजर मोकळा असतो आणि नीट बोलतो), ते आवाजाचे तीन प्रश्न विचारले असते, आणि मॅचच्या चाळीस मिनिटं आधी जाऊन बसलो असतो म्हणजे टेबल पटलं नाही तर बदलता येतं. बाबा आयुष्यभर बाटलीतली लागर पीत आले असतील तर त्यांना पहिल्याच फटक्यात आयपीए देऊ नका, कडू लागेल आणि मन उठेल. कोल्श (हलकी, सोनेरी जर्मन बिअर) असेल तर ती द्या, दिसायला आणि चवीला त्यांच्या ओळखीची वाटेल पण ताजेपणा कळेल. दुसरा ग्लास हेफचा. आणि केळ्याचं आधी सांगू नका, त्यांना स्वतःला वास ओळखू द्या.

टेबल कुठं मिळालं आणि बाबांना काय आवडलं ते इथं खाली लिहा, मला खरंच वाचायचंय.